आत्या आणि न उघडणारा मिक्सर

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे स्क्रूबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही, कारण तिच्या नाकावरचा राग सगळ्यांनी पाहिलाय. पण ती पाठमोरी झाली की म्हणतात, तिला ते माहीत आहे, आणि मला विचाराल तर तिला ते मनातून आवडतं. आम्ही मिक्सर बनवतो. आत्या तिथे अठराव्या वर्षी मोटरला तार गुंडाळायला लागली आणि एकतीस वर्षं राहिली. मी त्याच कारखान्यात मिक्सरची रचना करतो, म्हणजे कागदावर रेघा मारतो आणि त्या रेघांबद्दल फार बोलतो.

आत्याच्या घरात अशी एकही वस्तू नाही जिचं पोट तिने उघडून पाहिलेलं नाही. इस्त्री, पंखा, भिंतीवरचं घड्याळ, शेजाऱ्यांचा रेडिओ. शेजारीण नको नको म्हणत होती तरी. आत्याचे यजमान, आमचे काका, अतिशय शांत माणूस. ते एकदा पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या घरात बंद असं काही नाही. फक्त माझं तोंड." आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "तेही उघडतं, जेवायच्या वेळी!"

ती कारखान्यात लागली तेव्हा बिघडून परत आलेले मिक्सर मागच्या भिंतीशी ढीग करून ठेवत आणि महिन्याने भंगारात देत. आत्याला ते बघवेना. जेवणाच्या सुट्टीत ती त्या ढिगापाशी जाऊन बसायची. एक दिवस तिने थोरल्या साहेबांना, म्हणजे आत्ताच्या साहेबांच्या वडिलांना, गाठलं आणि म्हणाली की मला एक टेबल, एक दिवा आणि तुमची परवानगी द्या. टेबल मिळालं, त्याचा एक पाय तोकडा होता. तोही तिने स्वतःच नीट केला. पुढे त्या टेबलाची खोली झाली, खोलीत चार बायका आल्या आणि दारावर 'दुरुस्ती खातं' अशी पाटी लागली. फळ्यांवर मिक्सर ओळीने उभे असायचे आणि प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी असायची. काय बिघडलं, आणि का बिघडलं. 'का' लिहिलं नसेल तर आत्या ती चिठ्ठी फाडून टाकायची.

तिने एक रीत पाडली होती. कारखान्यात नवा इंजिनिअर आला, मग तो कुठल्याही मोठ्या कॉलेजातून आलेला असो, की पहिला आठवडा तिच्या खोलीत बसणार. परत आलेले पन्नास मिक्सर उघडणार आणि पन्नास चिठ्ठ्या लिहिणार. पहिले तीन दिवस आत्या त्याच्याशी अवाक्षर बोलायची नाही. फक्त चिठ्ठ्या फाडायची. चौथ्या दिवशी त्याला चहा मिळाला की समजायचं, पोरगं सुधारतंय. भलेभले त्या खोलीतून हात काळे आणि तोंड लहान करून बाहेर पडले.

मी तेवढा सुटलो. वशिल्याचं तट्टू म्हणतात ते मीच. माझी पाळी आली तेव्हा आत्या छाती फुगवून सगळ्यांना म्हणाली, "याला काय शिकवायचं? हा लहानपणापासून माझ्या शेजारी बसून मशीनं उघडत आलाय." खरं सांगायचं तर मशीनं ती उघडायची. मी बॅटरी धरायचो आणि शेंगदाणे खायचो. पण आत्या माझ्याबद्दल चांगलं बोलत असताना मध्येच तिला थांबवायला मी काही वेडा नव्हतो.

तर असा मी, एकही मिक्सर स्वतः न उघडलेला, साहेबांच्या सांगण्यावरून नवा मिक्सर काढायला बसलो. साहेब भले गृहस्थ आहेत, पण नवं काही दिसलं की त्यांना धीर धरवत नाही. त्यांना सडपातळ, गुळगुळीत, एकही भोक नसलेला मिक्सर हवा होता. मी तो काढला. बूड आणि अंग एकमेकांना कायमचं चिकटवून टाकायचं, स्क्रूच नाहीत. बिघडला तर गिऱ्हाईकाला नवा द्यायचा आणि जुना टाकून द्यायचा. साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: दोन महिन्यांत दुरुस्ती खातं बंद, त्या खोलीत खोकी बांधायचं यंत्र.

आत्याला हे सांगायची जबाबदारी माझी होती. मी ती टाळली. तिला ते माझ्याच टेबलावर पसरलेल्या आराखड्यावरून कळलं. डबा द्यायला आली होती. चष्मा नाकावर सरकवून तिने कागद उलटसुलट पाहिला.

"याला उघडायचं कुठून?" तिने विचारलं.

"उघडायचंच नाही, आत्या. तीच तर मजा आहे."

"डिंक लावलास?"

"डिंक नाही ग, ते खास..."

"डिंकच," ती म्हणाली. मग कागद खाली ठेवला. "आणि बिघडल्यावर?"

"टाकून द्यायचा."

"मोटरमधला एक कार्बनचा तुकडा झिजला म्हणून सबंध मशीन टाकायचं? तांबं, पोलाद, पातं, सगळं? आणि माझं काय? माझ्या चार बायकांचं काय?"

मी म्हणालो की तुला हजेरीच्या टेबलावर बसवणार आहेत, आरामाचं काम आहे. आयुष्यात मी बरेच मूर्ख शब्द बोललो आहे, पण त्या दिवसाइतके नाही. आत्याने डबा ठेवला आणि गेली. त्यानंतर अकरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र रोज येत राहिला, कँटीनमधल्या ताईंच्या हातून. भाजीत मीठ बरोबर असायचं. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

नव्या मिक्सरच्या प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मोठ्या खोलीत पन्नासेक दुकानदार बसले होते, पुढच्या रांगेत त्यांच्यातला सगळ्यात वजनदार. वजनदार दोन्ही अर्थांनी. टेबलावर माझा मिक्सर झळकत होता. आदल्या दिवशी तो मी स्वतः हाताने चिकटवला होता. खोलीच्या मागे भिंतीला टेकून आत्या उभी होती, हाताची घडी घालून.

मी बोलायला सुरुवात केली. भविष्य, सौंदर्य, सुलभता, असे शब्द मला सहज येतात. अकरा वाजले आणि मिक्सरमधून आवाज आला. टीं टीं, टीं टीं. बटण तर मी दाबलंच नव्हतं. खोलीत सगळ्यांनी कान टवकारले. टीं टीं, टीं टीं.

पुढच्या रांगेतला वजनदार दुकानदार आनंदाने म्हणाला, "वा! वाटण झालं की शिट्टी देतो वाटतं?"

मला दरदरून घाम फुटला, कारण तो आवाज मी ओळखला. अकराचा चहा चुकू नये म्हणून मी मनगटी घड्याळात गजर लावून ठेवतो. आदल्या दिवशी चिकटवायचा रस लागू नये म्हणून घड्याळ काढलं आणि सांभाळून ठेवायला सगळ्यात सुरक्षित जागा कुठली, तर समोरच उघडं पडलेलं मिक्सरचं बूड. त्यात ठेवलं. मग वरून अंग बसवलं, दाबलं, आणि समाधानाने घरी गेलो. संध्याकाळभर घड्याळ शोधत होतो.

मी खरं ते सांगून टाकलं. लोक आधी हसले, मग जास्त हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "काढ की मग बाहेर." मी मिक्सर उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. टीं टीं. काढणार कुठून? शेवटी सगळी वरात दुरुस्ती खात्यात गेली. पुढे साहेब, मागे मी बाळासारखा मिक्सर कवटाळून, त्यामागे पन्नास दुकानदार आणि वाटेत सामील झालेला अर्धा कारखाना.

आत्याने मिक्सर हातात घेतला. बोटांनी कडेकडेने चाचपला. कोणीतरी तिच्यापुढे करवत धरली, ती तिने बाजूला सारली.

"साहेब, मी उघडते, फोडत नाही," ती म्हणाली. "फोडायला माझी काय गरज? ते कोणालाही जमतं. हा उघडत नाही."

एवढंच बोलली. मिक्सर साहेबांच्या हातात दिला आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

साहेब हट्टी. त्यांनी तो मिक्सर स्वतःच्या खोलीत टेबलावर ठेवला. फोडू दिला नाही, कारण नमुना तेवढा एकच होता. दुसऱ्या दिवशी अकराला तो वाजला. तिसऱ्या दिवशी बँकेचे लोक समोर बसलेले असताना वाजला. चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं.

"हे बंद कसं करायचं?"

"नाही करता येत, साहेब."

"सेल कधी संपेल?"

"नवाच घातलाय. तीन-चार वर्षं जातील."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तू बाईंकडचा आठवडा केला होतास ना रे?"

थाप मारता आली असती. पण मिक्सर समोर होता आणि अकराला पाच मिनिटं कमी होती. मी नाही म्हणालो.

"मग जा," साहेब म्हणाले. "आधी ते करून ये. खात्याचं काय करायचं ते मग बघू."

मी गेलो. आत्याने मान वर करून पाहिलंही नाही, फक्त फळीकडे बोट दाखवलं. पन्नास मिक्सर. तीन दिवस ती बोलली नाही. पूर्वीचे अकरा आणि प्रदर्शनापासूनचे चार धरले तर माझ्या नावावर एकूण अठरा दिवसांचा अबोला झाला, तो कारखान्यातला विक्रम असावा. मी उघडत गेलो. पहिल्या दिवशी माझ्या सात चिठ्ठ्या फाटल्या. दुसऱ्या दिवशी तीन. हळूहळू दिसायला लागलं, ते कागदावर कधीच दिसलं नसतं. एकाचा नुसता रबरी पाय गळाला होता. एकाची वायर उंदराने कुरतडली होती. नऊ जणांचे कार्बनचे तुकडे झिजले होते, करंगळीच्या नखाएवढे. आणि अकरा मिक्सर तर बिघडलेच नव्हते! मोटर तापली की बुडाखालचं लाल बटण बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो. ते बटण आत दाबलं की झालं. ते कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून अकरा घरांनी अकरा चांगली मशीनं पाठवून दिली होती. मी दर वेळी बटण दाबायचो, मिक्सर घुर्रर्र करून चालू व्हायचा आणि मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. नव्या मिक्सरमध्ये ते लाल बटण मी दिसायला वाईट म्हणून आत लपवून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी माझ्यासमोर चहाचा कप आला. मी डोळे पुसले. आत्या म्हणाली, "रडू नको, चिठ्ठी ओली होईल." मग स्वतःच नाक ओढत म्हणाली, "चूक माझीच. घरचं पोर म्हणून तुला सोडलं. दुसऱ्याच्या पोराला सोडलं नसतं."

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून कागदावर नवा मिक्सर काढला. दोघांनी म्हणजे मी काढायचा आणि तिने नाक मुरडायचं. सडपातळ राहू दे म्हणाली, तिला काही जाडपणाची हौस नव्हती. पण बुडाला तीन स्क्रू. तिन्ही एकाच मापाचे, चमच्याच्या टोकानेही फिरतील असे. मी ते रबरी पायांखाली लपवायला गेलो तर तिने माझ्या हातावर चापट मारली. "लपवतोस कशाला? चोरी केलीय का?" स्क्रू उघड्यावर आले आणि प्रत्येकाशेजारी एक बाण. लाल बटण पुन्हा बाहेर आलं. कार्बन, रबर आणि वायर यांची छोटी पाकिटं करून दुकानांत ठेवायची असं ठरलं.

पारखायला तिने कँटीनमधल्या ताईंना बोलावलं. ताईंनी जन्मात स्क्रू फिरवला नव्हता. आत्या स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिली, मदत करायचा मोह होऊ नये म्हणून. पहिल्यांदा ताईंनी उलटं फिरवलं. आत्या मला म्हणाली, "त्यांचं नाही चुकलं. तुझा बाण चुकला." बाण मोठा केला. दुसऱ्यांदा ताईंनी झाकण काढलं, कार्बन बदलला, झाकण लावलं, बटण दाबलं आणि मिक्सर फिरला तशा किंचाळल्या. मग त्यांना थांबवणं कठीण झालं. त्या दिवशी त्यांनी तो मिक्सर सहा वेळा उघडला आणि जेवण अर्धा तास उशिरा मिळालं.

शेजारच्या तंत्रशाळेतल्या मुलींनी कसा उघडायचा त्याचा छोटा व्हिडिओ काढून दिला. मिक्सरच्या बुडावर चौकोनी खूण छापली, तिच्यावर मोबाइल धरला की तो दिसतो. त्यात आत्याचा चेहरा नाही, फक्त हात आहेत आणि आवाज. "घाबरू नका. हा तुमचाच मिक्सर आहे." हे वाक्य तिला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

साहेबांनी अट घातली. वर्षभर विकून बघू, तोवर खातं राहील, पुढचं पुढे. दुकानदारांना पुन्हा बोलावलं. तोच वजनदार गृहस्थ पुढे आला, चमचा घेऊन बसला आणि पाच मिनिटांत मिक्सर उघडून असा काही वर बघायला लागला की जणू त्यानेच तो शोधून काढला. फक्त एक तक्रार केली. "यात शिट्टी नाही होय?"

मिक्सर चांगला खपला. आणि मग हळूहळू मला एक गोष्ट जाणवायला लागली. आत्याच्या खोलीतल्या फळ्या मोकळ्या होत होत्या. पूर्वी दिवसाला चाळीस मशीनं यायची, ती दहावर आली, मग पाचवर. चार बायकांपैकी दोघी पाकिटांच्या कामावर गेल्या, दोघी साहेबांनी गावोगावच्या दुकानदारांना शिकवायला पाठवल्या आणि त्या तिकडून मान ताठ करून परत आल्या. आत्या एकटी त्या खोलीत. एका आठवड्यात दोनच मिक्सर आले. डिंकाने जे खातं मी दोन महिन्यांत बंद पाडणार होतो, तेच मी तीन स्क्रूंनी वर्षभरात बंद पाडलं होतं.

तिला हे कसं सांगावं याचा विचार करत मी तिच्या दाराशी गेलो. या वेळी टाळायचं नाही असं ठरवलं होतं. आत्या टेबलाशी बसली होती. समोर मशीन नव्हतं, पत्रांचा गठ्ठा होता.

"ये," ती म्हणाली. "हे ऐक. 'मिक्सर बंद पडला होता. आमच्या सासूबाईंनी उघडला. लाल बटण दाबलं, चालू झाला. पाठवण्यासारखं काही नाही म्हणून नुसतं कळवतो.'" तिने दुसरं उचललं. "हा एक मुलगा, सहावीतला. म्हणतो, कार्बन बदलला, आता पंखा पण उघडू का? त्याला लिही, आधी पंख्याचा प्लग काढ म्हणावं, आणि घरातल्या मोठ्या माणसाला जवळ उभं कर."

"आत्या," मी म्हणालो, "फळ्या बघितल्यास का?"

"चौथ्या महिन्यापासून बघतेय," ती म्हणाली. "तुझ्या आधी मोजायला शिकले मी." आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही, पण तिने ते लपवलं नाही. "एकतीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्या, का बिघडलं, का बिघडलं. कोणीतरी वाचल्या रे एकदाच्या."

ती उठली, चष्मा पुसला आणि मला घेऊन थेट साहेबांकडे गेली.

"साहेब, माझं खातं बंद करा," ती म्हणाली.

साहेब खुर्चीतून उठले. "बाई, तुम्हाला कोणी काही बोललं का?"

"कोणी नाही. काम संपलं. रिकाम्या खोलीत मी माशा मारत बसू का? तंत्रशाळेवाले बोलावतायत, पोरींना मशीन उघडायला शिकवा म्हणून. जाते मी. फक्त एक अडचण आहे."

"सांगा ना."

"पहिल्या आठवड्याला पन्नास बिघडलेली मशीनं लागतात. आणायची कुठून? तुमची तर बिघडेनात!"

साहेब इतके मोठ्याने हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या दुकानदारांना निरोप धाडले की कुठल्याही कंपनीचं, कसलंही, बंद पडलेलं मशीन असेल तर आमच्याकडे पाठवा. आठ दिवसांत त्रेसष्ट जमली. इस्त्र्या, पंखे, एक केस वाळवायचं यंत्र आणि एक शिलाई मशीन.

ती घेऊन मी टेंपोतून शाळेत गेलो तो आत्याचा पहिलाच तास होता. लांब खोली, मोठ्या खिडक्या, टेबलांशी वीस-बावीस मुली. आत्या नव्या खडूने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'का?' लिहून उभी होती. मी दारात घुटमळलो. तिने मला हाताला धरून आत ओढलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

"हा माझा भाचा," ती मुलींना म्हणाली. "याने माझं खातं बंद पाडलं."

आणि हे तिने इतक्या तोऱ्यात सांगितलं की मुलींनी टाळ्या वाजवल्या.